सासूबाईंचा पायगुण

१

औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नऊ वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि मग आपण घरातल्या कुकरच्या शिट्ट्याही मोजायला लागतो. मी आमच्या इलेक्ट्रिक गाडीची वही ठेवते. ऑगस्टात गाडी घेतली तेव्हापासून रोज चार आकडे: निघताना बॅटरी किती टक्के, बाहेर तापमान किती, किलोमीटर किती झाले, पोचल्यावर किती टक्के उरली. परेश, माझा नवरा, या वहीला 'कौमुदीची कुंडली' म्हणतो. त्याचं ऑफिस शहरातच, सँडीफोर्डला, त्यातही आठवड्यातले तीन दिवस घरून काम. त्याला काय जातंय हसायला!

मला मात्र रोज घरून, ओंगारहून, पार अॅथलोनच्या कारखान्यात जावं लागतं. एकशे दहा किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. उन्हाळ्यात घरी परत आले की पंचवीस टक्के शिल्लक असायची. डिसेंबरात ती दहावर आली. जानेवारीत उणे चार, उणे पाच सुरू झालं आणि सगळ्याचा बोऱ्या वाजला. सकाळी शंभर टक्के भरून निघायचं आणि कारखान्याच्या गेटवर पोचेपर्यंत पंचेचाळीस. कारखान्यात चार्जर दोन आणि गाड्या अकरा, त्यामुळे परतताना किलबेगनजवळच्या सर्व्हिस स्टेशनवर रांग. तिथे हीटर बंद ठेवून, कोटावर शाल गुंडाळून पाऊण पाऊण तास बसायचं. एकदा बोटं इतकी बधिर झाली की चार्जरची केबल धरवेना. घरी पोचायला साडेसात, आणि वर स्वयंपाक.

सात जानेवारी, मंगळवार, उणे चार. त्या दिवशीची ओळ मी तीनदा तपासली. मी कुठेही न थांबता घरी आले होते आणि बॅटरीत छत्तीस टक्के शिल्लक होती. भर उन्हाळ्यापेक्षा जास्त, तीही हीटर चालू ठेवून. त्या दिवसात वेगळं असं एकच होतं, मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

२

सासूबाईंचं नाव सुचित्रा. तीन महिन्यांसाठी अमरावतीहून इथे परदेशात आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या बहिणीची मुलगी रुचा अॅथलोनला राहते, तिचा नवरा गौरव माझ्याच कारखान्यात आहे. रुचाला डिसेंबरात मुलगी झाली आणि नेमका तिच्या आईचा व्हिसा अडकला. मग बाळ-बाळंतिणीचं कोण करणार? सासूबाईंनी पदर खोचला. अमरावतीत त्यांच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची मालिश घेऊन मोठी झाली आहेत. हात कायम गरम, नुकतेच शेगडीवर धरल्यासारखे. "लेकराले ऊब पाहिजे वं, बाकी काय लागते त्याले," असं त्या म्हणायच्या.

रुचाचं घर एका खोलीचं, आणि सासूबाईंचे देव आमच्या किचनमधल्या कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, मांडलेले. पूजा चुकवायची नाही. म्हणून ठरलं की त्यांनी पहाटे पूजा आटपून रोज माझ्याबरोबर यायचं. सव्वासहाला निघायचं, मी त्यांना रुचाकडे सोडणार, पावणेचारला परत घेणार.

त्या मंगळवारी रात्री जेवताना मी आकडे वाचून दाखवले.

"हा आईचा पायगुण," परेश म्हणाला.

"जगात सासू सुनेचा पायगुण बघते," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळं उलटंच."

"हाव ना बाप्पा, आता तुमच्या गाडीलेही सासूच लागते," सासूबाई म्हणाल्या आणि आम्ही तिघंही हसलो. आमचं अगदी गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं, माझ्या वरणाला त्या 'पिवळं पाणी' म्हणतात, पण त्या दिवशी मी त्यांना जास्तीची पोळी आग्रहाने वाढली.

३

बुधवारी उणे पाच, शिल्लक एकोणचाळीस. गुरुवारी उणे सहा, शिल्लक त्रेचाळीस.

इथे मला खटकायला हवं होतं. थंडी वाढली की बॅटरी लवकर उतरते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या वहीत थंडी वाढेल तशी शिल्लक वाढत होती. शुक्रवारी सासूबाईंची कंबर धरली म्हणून त्या घरी राहिल्या. उणे तीनच होतं, आणि किलबेगनला पोचेपर्यंत माझी बॅटरी तीस टक्क्यांवर आली, पुढे घरापर्यंत पुरणार नव्हती. पुन्हा रांग, पुन्हा शाल.

मी कारणं शोधली. वारा मागून असेल. पण जाताना मागून असलेला वारा येताना समोरून लागणार. टायरमधली हवा? तपासली. गॅरेजमध्ये दाखवली, तिथल्या माणसाने लॅपटॉप जोडला, वीस मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "ग्रँड आहे गाडी, एकदम ग्रँड." म्हणजे काही बिघाड नाही. ऑफिसातल्या मुलींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुझी सासू आम्हाला दे आठवडाभर.

सोमवारी सासूबाई पुन्हा आल्या. शिल्लक पंचेचाळीस. मी घरी साडेपाचला. स्वयंपाक करून वर अर्धा तास टीव्ही बघितला. खरं सांगते, मी शोधाशोध तिथेच थांबवली. फुकटचं मिळत असेल तर कोण विचारतंय कुठून आलं म्हणून.

४

मागच्या सीटवर तीन माणसांची जागा. सासूबाई एकट्या, आणि तरी डाव्या दाराला अगदी चिकटून बसायच्या, खांदा काचेला टेकवून. मी एकदा आरशातून पाहिलं आणि म्हटलं, "आई, मधे बसा ना ऐसपैस."

"बसली ना मी बरोबर," त्या म्हणाल्या.

रस्ताभर त्या हळू आवाजात काहीतरी बोलत असायच्या. मला वाटायचं स्तोत्र म्हणताहेत. मी माझा रेडिओ लावून असायचे. मंगळवारी रेडिओला खरखर आली म्हणून बंद केला, तर मागून ऐकू आलं, "झालं हं, झालं. आता नाही वाजणार थंडी. उगी."

"कोणाशी बोलताय?"

"बाळाशी बोलायची सवय पडली वं दिवसभर," त्या म्हणाल्या. ते पटण्यासारखं होतं, आणि मी पटवून घेतलं.

त्याच संध्याकाळी रुचाचा फोन आला. चोरट्या आवाजात बोलत होती. "वहिनी, मावशीला सांगू नकोस हं. पण तिचे हात फार गार असतात गं हल्ली. बाळाला हात लावला की बाळ किंचाळतं. आज तिने हात गरम पाण्यात बुडवून ठेवले, पाणीच गार झालं. तिला बरं नाहीये का?"

मी किचनमध्ये गेले. सासूबाई दोन्ही हातांत चहाचा पेला धरून उभ्या होत्या. दोनच मिनिटांपूर्वी मी उकळता चहा ओतून दिला होता. "आई, बघू," म्हणून मी पेल्याला बोट लावलं. माठातल्या पाण्याइतका गार.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"मले नाही वाजत बाप्पा थंडी."

पाहुणे म्हणून आलेली आपल्याकडची म्हातारी माणसं कधी दुखतंय म्हणतात का? आपल्यामुळे लेकराला त्रास नको, एवढंच त्यांच्या डोक्यात. बुधवारी सकाळी गाडीत मी काचांकडे पाहिलं. माझ्या बाजूच्या काचेवर आतून श्वासाचं धुकं धरलं होतं, समोरच्या काचेवरही. सासूबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असलेली काच कोरडी होती.

५

बुधवारी रात्री मी त्यांच्या काखेत थर्मामीटर लावला. चौतीस पूर्णांक दोन. पुन्हा लावला, चौतीस पूर्णांक एक. स्वतःला लावून पाहिला तर सदतीसला थोडा कमी, म्हणजे यंत्र नीट होतं. तरीही मी वहीत काय लिहिलं? 'थर्मामीटर संशयास्पद, नवीन आणणे.' कारखान्यात माझ्या हाताखालच्या कोणी असं लिहिलं असतं तर मी त्याची बिनपाण्याने केली असती.

डॉक्टरची वेळ सोमवारची मिळाली. परेशला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालंय गं तिचं, रक्ताभिसरण कमी होतं. दोन स्वेटर घाल म्हणावं."

गुरुवारी मी सुट्टी घेतली, त्यांनाही घरी ठेवलं. दिवसभर पांघरुणात झोपवलं, सूप दिलं, संध्याकाळी अंग जरा कोमट लागलं. शुक्रवारी मात्र कारखान्यात ऑडिट होतं आणि हवामानवाले उणे सात सांगत होते. पहाटे सव्वासहाला पाहते तर सासूबाई शाल पांघरून दारात तयार.

"आज राहू द्या आई," असं मी म्हणू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण ऑडिट सहापर्यंत लांबलं तर काय, रांगेत तास गेला तर काय, हे सगळं डोक्यात फिरत होतं. मी म्हटलं, "येताय? बरं, चला."

मला रेंज हवी होती. लाज वाटते, पण मी ते लिहून ठेवते आहे.

६

रविवारी आमच्याकडे बारसं करायचं होतं. रुचा आणि बाळाला शुक्रवारी दुपारी येताना गाडीतून घेऊन यायचं, हे आठवड्यापूर्वीच ठरलेलं. ऑडिट सुदैवाने दोनलाच संपलं. रुचाच्या दारात मी बाळाची खुर्ची गाडीच्या मागच्या सीटवर बसवायला घेतली, तेवढ्यात सासूबाई घरातून अनवाणी बाहेर आल्या. बर्फासारख्या फरशीवर अनवाणी!

"बाळाले या गाडीत नाही बसवायचं."

"आई, अहो, सगळं ठरलंय."

"नाही म्हटलं ना! बारसं पुढं ढकला." आवाज इतका चढला की शेजारच्या बाईने पडदा सरकवला. रुचा बाळाला पोटाशी धरून रडायला लागली. म्हणाली, मावशी, मग तू तरी आजच्या दिवस माझ्याकडे राहा, जमिनीवर गादी टाकते, पडून राहा, तुझा चेहरा पांढरा पडलाय. सासूबाईंनी मान हलवली. "हिले एकटीले नाही सोडत मी," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. मी चिडले. आख्ख्या बारशाचा विचका केल्यावर हे कसलं प्रेम! खुर्ची काढून रुचाच्या दारात ठेवली आणि तणतणत गाडी सुरू केली. अडतीस टक्के होती, रात्री चार्जरची केबल नीट न बसल्याने सकाळी निघतानाच सत्तर होती.

मोटरवेवर धुकं उतरलं होतं. दुपारचे सव्वातीन, पण दिवे लावावे लागले. त्या भागात चढ-उतार नाहीत, दोन्ही बाजूंना दलदलीची सपाट जमीन. अशा रस्त्यावर बॅटरी खाली जाते, ब्रेकने परत भरायची काही सोय नसते. मी आकड्याकडे पाहिलं. एकेचाळीस.

मी डोळे चोळले. चव्वेचाळीस.

"आई?"

मी आरसा खाली केला. सासूबाई दाराला टेकल्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दोन्ही हात चालू होते. बाळाला तेल लावतात तसे. मधल्या सीटवर, वरून खाली, वरून खाली, अंगठा दाबत, सावकाश. हात वळवून पुन्हा वर. मी त्यांना शेकडो वेळा मालिश करताना पाहिलं आहे, बाळाची तंगडी त्यांच्या एका वितीत मावते. इथे हात दाराजवळून सुरू व्हायचा तो समोरच्या सीटच्या पाठीपर्यंत यायचा, तिथे खाली वळायचा आणि आणखी खाली, पायांच्या जागेत, दिसेनासा होईपर्यंत जायचा. मग तिथून परत. काय चोळत होत्या त्या? तेवढी लांब तंगडी मोठ्या माणसाचीही नसते.

सत्तावन्न.

माझ्या सीटच्या पाठीला मागून काहीतरी टेकलेलं होतं. गुडघा टेकतो तसं. ते आधीपासून टेकलेलं होतं की आत्ता, हे मला सांगता येणार नाही.

७

मी गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडलं. मधल्या सीटवर काही नव्हतं. करड्या कापडाची सीट, त्यावर सासूबाईंची शाल नीट पसरलेली, कोणाच्या अंगावर घालावी तशी. मी शाल ओढली नाही. माझी हिंमत झाली नाही.

सासूबाईंचा हात धरला तर माझ्याच तळव्याला चटका बसला, इतका तो गार. ओठ निळे. आत हीटर एकवीसवर, बाहेर उणे सात. आत ठेवलं तर आकडा चढतो आणि त्या गार पडतात, बाहेर काढलं तर म्हातारं माणूस दहा मिनिटांत गारठतं. करू काय मी? एकशे बाराला फोन केला, ते म्हणाले रस्त्यांवर बर्फ आहे, चाळीस मिनिटं लागतील. मी तिथे, मोटरवेच्या कडेला, मोठमोठ्याने रडले.

एक जुनी डिझेल व्हॅन थांबली. मेंढ्यांचा चारा नेणारा साठीचा शेतकरी. त्याने एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता त्यांना बाहेर ओढायला हात घातला. त्या निघेनात. दोघांनी मिळून ओढलं तरी निघेनात, आणि वजन असेल त्यांचं पंचेचाळीस किलो. मग सासूबाईंनी डोळे उघडले, सीटकडे वळल्या आणि समजूत घालतात तशा आवाजात म्हणाल्या, "सोड राजा. दोन दिवसांत येते मी परत. खरंच येते." त्यानंतर त्या अलगद निघाल्या.

आम्ही तिघं व्हॅनमध्ये पुढे दाटीने बसलो आणि मलिंगारच्या हॉस्पिटलात गेलो. गाडी तिथेच सोडली. दार लावताना आकडा एकाहत्तर होता.

८

डॉक्टर म्हणाले, शरीराचं तापमान एकतीसवर आलं होतं. या वयात, या गारठ्यात, असं होतं. तुम्ही वेळेवर आणलंत. तीन दिवसांनी सासूबाई घरी आल्या. गालांवर रंग होता. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले आणि सोडला नाही.

"आई, मागे काय होतं?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मले वाटलं, कोणी काकडून राह्यलं शेजारी. दात वाजत होते. मी हात लावला. चूक माझीच झाली. थंडीनं कुडकुडणाऱ्याले मी कधी तसंच सोडलं नाही ना जन्मात. एकदा ऊब भेटली, मग ते सोडेच ना. अन् मी नाही बसली की तुझ्याकडे सरकते ते. मले दिसे."

म्हणजे माझ्यासाठी त्या रोज येत होत्या. बाळाची मालिश रुचाने दोन दिवसांत शिकून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

"त्याले मी दोन दिवस सांगितले होते," त्या म्हणाल्या. "वाट पाहून राह्यलं असंल."

"बघू दे. तुम्ही त्या गाडीत पाय ठेवायचा नाही. मी ठेवू देणार नाही."

परेशने टोइंगवाल्याला सांगून गाडी घरी आणवली. ती आमच्या दारात उभी राहिली. मी रात्रीची आतून कडी लावायचे, किल्ली उशीखाली घ्यायचे, कारण दोनदा मी सासूबाईंना शाल घेऊन दाराशी उभं असलेलं पकडलं. परेशला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, तू खूप दमली आहेस. गाडी विकू या म्हटलं तर हो म्हणाला. मोबाईलवर मी दर तासाला आकडा पाहायचे. एकाहत्तर, सत्तर, सत्तर. उभ्या गाडीची थंडीत जेवढी उतरावी तेवढीच उतरत होती. मला जरा धीर आला.

९

शनिवारी सकाळी मला दहाला जाग आली. कित्येक दिवसांनी सलग झोपले होते. खाली सासूबाई अळीवाचे लाडू वळत होत्या, रविवारी अखेर बारसं करायचं होतं. मी चहा ठेवला आणि सवयीने मोबाईल उघडला.

ब्याऐंशी.

मी खिडकीकडे धावले. दारात गाडी नव्हती. किल्ली माझ्या उशीखाली होती, पण परेशचा फोनही त्या गाडीला किल्लीसारखा चालतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फोन लावला.

"अगं, उठवलं नाही तुला, म्हटलं झोपू दे," परेश खुशीत होता. "रुचाला आणि बाळाला आणायला गेलो होतो. तान्ह्या पोरीला या थंडीत ट्रेनने कुठे आणायचं? गौरव ड्युटीवर आहे, तो संध्याकाळी येईल. आणि ऐक, तुझ्या वहीत लिही! जाताना एवढीशी उरली होती, अॅथलोनहून निघाल्यापासून चढतेय. एनफिल्ड आलंय, ब्याऐंशी!"

"बाळ कसं आहे?"

"एकदम शहाणं. पूर्ण रस्ताभर रडलं नाही. रुचापण झोपलीय."

"परेश, गाडी थांबव. बाळाला हात लाव."

"अगं, एनफिल्डच्या सर्व्हिस स्टेशनला थांबतोच आहे, कॉफी..."

"हात लाव तिला!"

गाडी थांबल्याचा आवाज आला, दाराचा आवाज आला. मग काही सेकंद नुसतं वाहनांचं घोंघावणं. आणि मग रुचाचा आवाज, तो मी इथे लिहू शकत नाही.

पंधरा मिनिटांनी परेशने पुन्हा फोन केला. फोन स्पीकरवर होता. तो सांगत होता, आत कॅफेत हीटरपाशी बसलो आहोत, बाळाला माझ्या शर्टाच्या आत छातीशी धरलंय, श्वास चालू आहे, पण ती गरमच होत नाहीये, कौमुदी, मीच गार पडत चाललोय. बाहेर काढताना निघतच नव्हती, रुचाने ओरबाडून काढली. अॅम्ब्युलन्स येतेय. परेशला मी तेरा वर्षांत रडताना ऐकलं नव्हतं.

सासूबाईंनी लाडवाचं ताट बाजूला सरकवलं. नळाखाली हात धुतले, तूप जाईपर्यंत नीट धुतले, टॉवेलला पुसले.

"टॅक्सी बोलव," त्या म्हणाल्या. "इथून किती वेळ लागते तिथं?"

"अर्धा तास. आई, अॅम्ब्युलन्स येतेय. डॉक्टर आहेत. तुम्हालाही डॉक्टरांनीच..."

"मले डॉक्टरनं नाही सोडवलं. मी त्याले शब्द दिला, तेव्हा त्यानं सोडलं. अन् शब्द पाळू दिला नाही तू, म्हणून त्यानं दुसरं धरलं." आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं बोलल्या. "मी जाऊन बसली की पोट्टी गरम होईल. परेशले सांग, गाडीचं दार उघडं ठेव अन् कोणी जवळ जाऊ नका."

"तुम्ही परत नाही येणार."

"मी एकाहत्तर वर्षांची हाय वं. ती सव्वा महिन्याची."

मला दारात आडवं पडून राहावंसं वाटलं. त्यांना मिठी मारावीशी वाटली. पाच दिवस मी त्यांना कडी-कुलपात सांभाळलं होतं, आणि या बाईवर माझा किती जीव आहे हे मला त्या पाच दिवसांतच कळलं होतं. फोनमधून परेश हाका मारत होता, कौमुदी, ऐकतेयस ना, काहीतरी सांग, हिचे ओठ बघ गं. मी क्वालिटीत काम करते. पुरावा नसेल तर मी कशावर सही करत नाही, आणि इथे पुरावा माझ्याच वहीत होता.

मी टॅक्सी बोलावली. सहा मिनिटांत पोचेल, असं मोबाईलवर आलं.

सासूबाई पायरीवर बसून मोजे चढवायचा प्रयत्न करत होत्या, कंबर वाकत नव्हती. मी खाली बसले, त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि मोजे चढवले. आधी जाड, मग त्यावर लोकरीचे. पाय छान गरम होते.